आधी ऑपरेशन की आधी बाळ?
चॉकलेट सिस्ट असलेल्या बहिणींसाठी

लग्नाला तीन-चार वर्षं झाली, दिवस जात नाहीत, पाळीच्या चार दिवसांत जीव नकोसा होतो. सोनोग्राफी केली तर ‘चॉकलेट सिस्ट’ निघाली. एक डॉक्टर म्हणतात, गाठ आधी काढून टाका. दुसरे म्हणतात, गाठीला हात लावू नका, आधी बाळाचं बघा. घरात सासूबाईंचं तिसरंच मत. ऐकायचं कोणाचं? हा प्रश्न आरोग्याच्या या पानाकडे वेगवेगळ्या वस्त्यांतून पुन्हा पुन्हा येतो, म्हणून या वेळी पूर्ण पान त्यालाच दिलं आहे.

दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एकाच आजाराच्या दोन बायकांना दोन उलट सल्ले देणं कधी कधी अगदी योग्य असतं. बाईचं वय किती, अंडाशयात बीजं किती शिल्लक आहेत, दुखणं किती आहे, नळ्या उघड्या आहेत का, नवऱ्याचा रिपोर्ट काय म्हणतो, यांवर उत्तर ठरतं. गाठ किती सेंटीमीटरची आहे यावर ते त्या मानाने कमी ठरतं. आपल्या हातात मात्र बहुतेक वेळा तेवढाच एक आकडा दिला जातो.

आजार काय आहे

गर्भाशयाच्या आत, म्हणजे आपण ज्याला पिशवी म्हणतो तिच्या आत, दर महिन्याला एक अस्तर तयार होतं. दिवस गेले नाहीत तर ते पाळीवाटे बाहेर पडतं. एंडोमेट्रिओसिस या आजारात तशाच जातीचा थर पिशवीच्या बाहेर रुजतो: अंडाशयावर, गर्भनलिकांभोवती, पोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर. पाळी आली की तिथेही सूज येते, रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग आतले अवयव एकमेकांना चिकटू लागतात. अंडाशयात साचलेलं जुनं रक्त घट्ट आणि तपकिरी होतं, वितळलेल्या चॉकलेटसारखं दिसतं, म्हणून त्या गाठीला चॉकलेट सिस्ट म्हणतात. चॉकलेट खाण्याशी तिचा संबंध नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण काही घरांत मुलींचं गोड बंद केलेलं आम्हाला माहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या दर दहा जणींमागे एकीला हा आजार असतो. म्हणजे आपल्या चाळीत, आपल्या गल्लीत तो आहेच. हा कॅन्सर नाही. तो एकीचा दुसरीला लागत नाही, आणि तो कुणाच्या वागण्याचं फळही नाही. तरीही निदान व्हायला अनेक वर्षं जातात, कारण ‘पाळीत दुखायचंच’ असं आई सांगते, शाळेतल्या बाई सांगतात आणि कधी कधी डॉक्टरही सांगतात. पाळीत कामावर खाडा करावा लागणं, उलट्या होणं, नवऱ्याजवळ जाताना खोल आत दुखणं, संडासला बसताना पाळीच्या दिवसांत कळ येणं, हे ‘दुखायचंच’ या खात्यात टाकू नये.

‘लग्न झालं की थांबेल’, ‘एक मूल झालं की बरं होईल’ हे सल्लेही फार चालतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजण्याच्या काळात पाळी बंद असते, त्यामुळे काही जणींना आराम पडतो. पाळी सुरू झाली की दुखणं परत येऊ शकतं. मूल हवं असेल तर मुलासाठी हवं असावं. औषध म्हणून मूल जन्माला घालणं आईला महागात पडतं आणि मुलालाही.

दिवस का जात नाहीत

या आजारात सूज आणि चिकटण्यामुळे बीज नळीपर्यंत नीट पोचत नाही, आणि अंडाशयातल्या बीजांवरही परिणाम होतो. निरोगी जोडप्याला दर महिन्याला दिवस जाण्याची शक्यता शंभरात १५ ते २० असते. एंडोमेट्रिओसिस असलेल्या बाईत ती शंभरात २ ते १० इतकी खाली येऊ शकते. कमी आहे, पण शून्य नाही. हा आजार असलेल्या शंभर जणींपैकी साधारण ३० ते ५० जणींना मूल होण्यात अडचण येते, बाकीच्यांना येत नाही. म्हणून रिपोर्टवर हा शब्द दिसला की लगेच ‘वांझ’ म्हणणाऱ्या तोंडांना हा आकडा ऐकवावा.

आता एक गोष्ट, जी आमच्या मते सगळ्यात जास्त झाकली जाते. या आजारावर ज्या हार्मोनच्या गोळ्या आणि इंजेक्शनं देतात, म्हणजे डायनोजेस्ट, गर्भनिरोधक गोळ्या, पाळी बंद ठेवणारी महिन्याची इंजेक्शनं, त्यांनी दुखणं कमी होतं. पण हीच औषधं बीज तयार होण्याचं काम दाबून ठेवतात. ती चालू असताना दिवस जाण्याची आशा धरू नये. ‘सहा महिने गोळ्या घ्या, मग लगेच राहील’ असं ऐकून कोणी वाट पाहत असेल तर ते सहा महिने वाया जातात. आजचे आंतरराष्ट्रीय वैद्यकीय निर्देशही सांगतात की मूल व्हावं म्हणून ही औषधं देऊ नयेत. सध्या मूल नको असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा याच गोळ्या चांगला आधार आहेत. म्हणून केस पेपरवर गोळी लिहून दिली की सरळ विचारायचं: ‘ही दुखण्यासाठी आहे की मूल होण्यासाठी?’

ऑपरेशन काय देतं आणि काय घेतं

हे ऑपरेशन बहुधा दुर्बिणीने करतात. पोटाला तीन-चार लहान छेद देऊन आत बघतात, चिकटलेलं सोडवतात, डाग जाळतात किंवा कापतात, गाठ काढतात.

सौम्य आजारात, म्हणजे गाठ नाही, नुसते डाग आहेत, अशा वेळी ऑपरेशनचा फायदा होतो का? कॅनडात याची नीट चाचणी झाली आणि १९९७ साली ती प्रसिद्ध झाली. एकूण ३४१ बायकांची दुर्बिणीने तपासणी झाली. त्यांतल्या १७२ जणींचे डाग त्याच वेळी काढले, १६९ जणींचे नुसते पाहिले. पुढच्या ३६ आठवड्यांत पहिल्या गटात ५० जणींना दिवस राहिले आणि गर्भ वीस आठवड्यांपुढे टिकला. दुसऱ्या गटात अशा २९ जणी होत्या. फायदा खरा आहे. पण हिशेब केला तर साधारण आठ जणींचं ऑपरेशन केल्यावर एकीला जास्तीचा गर्भ राहतो. इटलीतल्या एका लहान चाचणीत तेवढाही फरक दिसला नव्हता. त्यामुळे केवळ संशयावरून, दुखणं फारसं नसताना, मूल व्हावं म्हणून पोट उघडायची घाई नको.

चॉकलेट सिस्टचं गणित आणखी नाजूक आहे. ही गाठ आंब्याच्या कोयीसारखी अलगद बाहेर येत नाही. तिची भिंत अंडाशयाला घट्ट चिकटलेली असते. ती सोलून काढताना तिच्याबरोबर चांगला भागही निघतो, आणि बीजं त्याच भागात असतात. रक्त थांबवायला जाळलं तर शेजारची आणखी काही बीजं जातात. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिची सगळी बीजं तिच्या अंडाशयात असतात, नंतर नवी तयार होत नाहीत. गेलेलं बीज परत येत नाही. दोन्ही बाजूंना गाठी असतील तर धोका वाढतो. इटलीतच दोन्ही बाजूंच्या गाठी काढलेल्या १२६ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या तिघींची अंडाशयं ऑपरेशननंतर कायमची बंद पडली. तीन हा आकडा लहान वाटतो, पण तिशीतल्या बाईची पाळी कायमची जाते तेव्हा तिला तो लहान नसतो.

दुसरी बाजूही खरी आहे. नळ्या उघड्या आहेत, वय कमी आहे, बीजं भरपूर आहेत, अशा बाईची गाठ चांगल्या हाताने काढली तर पुढच्या वर्ष-दीड वर्षात आपोआप दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि दुखणंही कमी होतं.

सही करण्याआधी

आमचं म्हणणं एवढंच की अंडाशयावरच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी काही तपासण्या हातात असाव्यात. पहिली तपासणी नवऱ्याची. वीर्याची तपासणी काही शे रुपयांत होते, टोचावं-कापावं लागत नाही, आणि मूल न होणाऱ्या निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणासोबत सापडतं. तरी आपल्याकडे बाईचं दोनदा पोट उघडलं जातं आणि नवरा एकदाही लॅबची पायरी चढत नाही. नवऱ्याचे शुक्रजंतू फारच कमी असतील तर बाईची गाठ काढून आपोआप दिवस राहायचे नाहीत, उलट तिची बीजं कमी होऊन बसतील. भाऊ, हे वाचत असाल तर पुढच्या ओपीडीला तुम्हीही चला.

दुसरी, बीजांचा साठा. रक्तातली एएमएच तपासणी आणि आतून केलेली सोनोग्राफी यांवरून बीजं किती शिल्लक आहेत याचा अंदाज येतो. एएमएच कमी आली म्हणून दिवस जाणारच नाहीत असं नव्हे. ती संख्या सांगते, बीज चांगलं की वाईट ते सांगत नाही. पण ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवताना तिची किंमत मोठी आहे, आणि ती ऑपरेशनच्या आधी करायला हवी. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर हा आकडा कमी दिसू शकतो, म्हणून डॉक्टरांना गोळीचं नाव सांगावं.

तिसरी, नळ्यांचा एक्स-रे, ज्याला दवाखान्यात एचएसजी म्हणतात. आणि आपल्या वस्त्यांसाठी चौथी गोष्ट जोडावी लागते, ती टीबी. टीबी फक्त छातीला होत नाही, पिशवीला आणि नळ्यांनाही होतो, आणि मूल न होण्याचं ते भारतातलं नेहमीचं कारण आहे. त्यातही पोटात दुखतं, अवयव चिकटतात, सीए-१२५ नावाची रक्ततपासणी दोन्ही आजारांत वाढू शकते. घरात कुणाला टीबी झाला असेल तर ते लपवू नका. ऑपरेशन झालंच तर काढलेला तुकडा तपासायला पाठवला का हे विचारा. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

समजा अशी एक ताई आहे

वय २७. लग्नाला दोन वर्षं. एका बाजूला पाच सेंटीमीटरची गाठ. पाळीत उभं राहवत नाही, नवऱ्याजवळ जायची भीती वाटते. एएमएच चांगली, नळ्या उघड्या, नवऱ्याचा रिपोर्ट ठीक. अशा ताईने आधी ऑपरेशन केलं तर आम्ही तिला योग्य म्हणू. दुखण्यामुळे संबंधच होत नसतील तर ‘आधी प्रयत्न करा’ या सल्ल्याला अर्थ उरत नाही.

दुसरी ताई ३६ वर्षांची. दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटरच्या गाठी, एएमएच खाली आलेली, दुखणं गोळीने थांबतं. तिने ऑपरेशनमध्ये आणि त्यातून बरं होण्यात सहा महिने घालवू नयेत. तिने सरळ वंध्यत्वाच्या ओपीडीत जाऊन आयव्हीएफचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचं विचारावं. पूर्वी आयव्हीएफच्या आधी गाठ काढायचीच असा रिवाज होता. आता युरोपातल्या तज्ज्ञ संस्थेचे २०२२ चे निर्देश सांगतात की केवळ यश वाढावं म्हणून आयव्हीएफआधी सरसकट गाठ काढू नये, कारण मूल घरी येण्याचं प्रमाण त्याने वाढत नाही.

तिसरी ताई सगळ्यात अवघड. वय ३१, चार वर्षांपूर्वी एकदा ऑपरेशन झालं, गाठ परत आली. असं होणं दुर्मिळ नाही, ऑपरेशननंतर पाच वर्षांत शंभरात चाळीस-पन्नास जणींना आजार पुन्हा होतो. डॉक्टर म्हणतात, पुन्हा काढू. दुसऱ्या ऑपरेशनने दिवस राहण्याची शक्यता पहिल्याइतकी वाढत नाही आणि बीजं मात्र पुन्हा जातात. इथे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नये. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. तुमचे रिपोर्ट तुमचे आहेत, ते मागून घ्या.

वयाने कमी आणि अजून लग्न न झालेल्या मुलींबद्दलही दोन शब्द. गाठ आहे म्हणून एकोणिसाव्या वर्षी घाईने लग्न लावून देऊ नका. गोळ्यांनी आजार आटोक्यात ठेवता येतो, तिला शिकू द्या.

काही वेळा मात्र निवड उरतच नाही, ऑपरेशन आधी करावंच लागतं. सोनोग्राफीत गाठ संशयास्पद दिसली, लघवीची नळी दाबली जाऊन मूत्रपिंडाला सूज आली, आतडं अडकलं, गाठ फुटली किंवा पिळली गेली, तर बाळाचा विचार मागे ठेवायचा. गर्भनलिकेत पाणी भरून ती फुगली असेल तरी आयव्हीएफच्या आधी ती नळी काढायला किंवा बंद करायला सांगतात, कारण त्या पाण्यामुळे गर्भ टिकत नाही.

ऑपरेशन झाल्यावर

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत घरी सोडतात, आठ-पंधरा दिवसांत हलकी कामं जमतात. पाण्याचे हंडे, सिलिंडर, बांधकामावरचं घमेलं मात्र डॉक्टर सांगतील तोवर नाही. आपल्याकडे चौथ्या दिवशी सून नळावर उभी असते, म्हणून हे घरातल्या सगळ्यांसमोर आधीच ठरवून घ्यावं. धुणीभांडी करणाऱ्या बाईने कामाच्या घरी बदली म्हणून कोण जाईल तेही आधी बघावं.

मूल हवं असेल तर बरं वाटल्यावर लगेच प्रयत्न सुरू करायचे. ऑपरेशनचा फायदा पहिल्या वर्ष-दीड वर्षात जास्त असतो. सहा महिने ते वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर पुन्हा डॉक्टरांकडे जायचं, वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांच्याही आधी. ऑपरेशनचा पूर्ण कागद, आतले फोटो असतील तर ते, आणि तुकड्याचा रिपोर्ट मागून घ्या. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर नळ्या-अंडाशयांची अवस्था लिहिलेली नसते. वय, प्रयत्नांची वर्षं आणि आत काय दिसलं यांवरून शून्य ते दहा असे गुण काढून पुढे आपोआप दिवस जाण्याचा अंदाज बांधता येतो. तो हिशेब त्या पूर्ण कागदावरूनच होतो.

‘पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल’ असा सल्ला मिळाला तर तिथून निघा. पिशवी काढली तरी बाहेर रुजलेला आजार तिथेच राहू शकतो. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीची तक्रार घेऊन गेलेल्या गरीब बाईला पिशवी काढायला सांगणं किती सोपं झालं आहे, ते या आकड्यात दिसतं.

पैसा आणि जागा

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे थोडं शुल्क लागतं. पण या आजाराचं अवघड ऑपरेशन तिथेच करून घेतलेलं बरं, कारण अशी ऑपरेशनं रोज करणारे हात तिथे असतात. खासगी रुग्णालयात जायचंच असेल तर आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा की डॉक्टरांनी लिहिलेलं ऑपरेशन यादीत आहे का आणि हे रुग्णालय योजनेत आहे का. ‘बसतं’ असं तोंडी सांगून नंतर बिल हातात देण्याचे प्रकार होतात, म्हणून मंजुरी आल्यावरच भरती व्हा.

आयव्हीएफचा खासगी खर्च एका वेळेला लाखाच्या वर जातो आणि पहिल्याच वेळी यश येईल याची खात्री नसते. जो दवाखाना हमी देतो तिथून उठून यावं. २०२१ च्या कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक केंद्राची सरकारी नोंदणी असावी लागते, नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा. बचत गटाचं कर्ज किंवा गावाकडचा जमिनीचा तुकडा यात घालण्याआधी, किती वेळा प्रयत्न करायचे आणि कुठे थांबायचं हे नवरा-बायकोने दोघांत ठरवावं. सासू-सासरे, नणंदा यांनी तो आकडा ठरवू नये. सौम्य आजार असेल आणि नळ्या उघड्या असतील तर त्याआधी आययूआय हा कमी खर्चाचा उपाय आहे, तो काही सरकारी रुग्णालयांतही होतो.

आणि दिवस राहिले तर पाळी चुकल्यावर दोन-तीन आठवड्यांत सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना ते बघून घ्या. या आजारात गर्भ नळीत राहण्याची शक्यता थोडी जास्त असते. एका बाजूला जोराची कळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, रक्त जाणं, यांपैकी काही झालं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. नाव नोंदवताना केस पेपरवर ‘एंडोमेट्रिओसिस’ लिहायला सांगा आणि जुनी फाईल सोबत न्या.